माल्टा एवढंसं, मग सात दिवस करायचं काय?

नाशिकहून एका गृहस्थांनी विचारलंय. मुलगी जर्मनीत शिकते. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिला सोबत घेऊन हे, पत्नी आणि अडुसष्ट वर्षांची आई असे चौघं सात रात्रींसाठी माल्टाला निघालेत. घर पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. त्यांचे प्रश्न असे: नकाशात ठिपक्याएवढं दिसणाऱ्या बेटावर सात दिवस कंटाळा येईल का? मधले दोन दिवस शेजारच्या सिसिली बेटाला द्यावेत का? आईंना झेपेल का? आणि खायचं काय?

गेली चौदा वर्षं मी भूमध्य समुद्रातल्या बेटांवर मराठी कुटुंबांच्या सहली आखून देतो. वर्षातून एक-दोन गटांबरोबर स्वतःही जातो. माल्टाबद्दलचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सिसिलीचं. नको. माल्टाहून वेगवान बोट पावणेदोन तासांत पोत्सालो बंदराला लावते हे खरं. पण पोत्सालो हे सिसिलीचं दक्षिणेकडचं टोक. तिथून एटना ज्वालामुखी गाठायला पुन्हा बसचे तास घालवायचे. शिवाय सिसिली माल्टाच्या ऐंशीपट मोठी आहे. दोन दिवसांत तुमच्या हाती बसच्या खिडकीपलीकडे काही लागणार नाही. सिसिलीसाठी वेगळी सुट्टी ठेवा, आठ-दहा दिवसांची.

आता माल्टा किती लहान? सगळी बेटं मिळून 316 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण निम्मं. मुख्य बेट माल्टा, त्याच्या वायव्येला गोझो, आणि दोघांच्या मध्ये चिमुकलं कोमिनो. अंतरं पाहून लोक तीन दिवसांत सगळं उरकायचा बेत करतात. मीही एकदा तेच केलं होतं. अकरा जणांचा गट होता, चार दिवस होते, आणि गोझोला मी सकाळी जाऊन संध्याकाळी परत एवढाच वेळ दिला होता. जाताना फेरीच्या रांगेत तास गेला, येतानाही गेला, मध्ये चार ठिकाणी गाडीतून उतरून फोटो काढले. परतीच्या बोटीवर गटातल्या एक शिक्षिका म्हणाल्या, "आपण गोझो बघितलं की गोझोची पाटी?" ते वाक्य मला लागलं. तेव्हापासून मी गोझोला मुक्कामाशिवाय कोणालाच पाठवत नाही.

तुमच्यासाठी माझी मांडणी अशी: पहिल्या तीन रात्री गोझो, नंतरच्या चार रात्री व्हॅलेटाच्या बंदरालगत. उलट क्रम करू नका. कारण वारा. ऑक्टोबरात एखाद्या दिवशी ईशान्येकडून 'ग्रिगाल' किंवा वायव्येकडून 'मायिस्त्राल' सुटला की व्हॅलेटा-गोझो वेगवान बोट रद्द होऊ शकते, आणि तुमचं परतीचं विमान मुख्य बेटावरून आहे. गोझो आधी उरकलं की शेवटच्या दिवशी जीव टांगणीला लागत नाही. विमानतळावरून थेट चिर्केव्वाच्या धक्क्यावर जा. बस आहे, पण सामान आणि आई सोबत आहेत तर टॅक्सी करा. तिथून मोठी फेरी पंचवीस मिनिटांत गोझोच्या इमजार बंदरात पोचवते. ही फेरी रात्रीही चालू असते. जाताना तिकीट कोणी विचारत नाही म्हणून गोंधळू नका, पैसे गोझोहून परत निघताना घेतात.

गोझो चौदा किलोमीटर लांब आणि सात रुंद. राहायला हॉटेलपेक्षा जुनं दगडी शेतघर घ्या. शारा किंवा आर्ब या गावांच्या बाजूला अशी बरीच घरं पाहुण्यांना भाड्याने मिळतात, आणि तुमच्यासारख्या शाकाहारी घराला स्वयंपाकघर मिळणं ही मोठी सोय आहे. आरक्षण करताना एक गोष्ट हटकून विचारा: तळमजल्यावर झोपायची खोली आणि न्हाणीघर आहे का? या घरांचे जिने दगडी, वळणाचे आणि चिंचोळे असतात. फोटोत ते फार सुंदर दिसतात, पण रात्री उठणाऱ्या माणसाला त्रासाचे.

या घरांचा दगड हात लावून बघा. मधाच्या रंगाचा चुनखडक, माल्टाची सगळी गावं त्याचीच. खाणीतून काढताना हा दगड इतका मऊ असतो की करवतीने कापता येतो, आणि हवा लागली की वरचा थर कडक होत जातो. आपल्या कोकणातल्या जांभ्याच्या चिऱ्याची गोष्ट तीच, फक्त रंग वेगळा. सूर्य कलला की भिंती आतून दिवा लावल्यासारख्या दिसतात. गोझोत रोज संध्याकाळी साडेपाच-सहाला कुठल्याही गावाच्या चर्चसमोरच्या चौकात बाकावर बसा. त्या वेळेत दुसरा काही बेत ठेवूच नका.

गोझोत पहिली जागा ज्गान्तिया, शारा गावात. ही दोन महापाषाणी मंदिरं इसवी सनापूर्वी 3600च्या आसपासची आहेत. गिझाच्या पिरॅमिडांच्या कितीतरी आधीची. काही शिळा पाच मीटरहून उंच आहेत. नंतरच्या लोकांना वाटलं हे माणसाचं काम नव्हे, राक्षसीणीचं असणार, म्हणून हे नाव पडलं. ज्यांना चाक आणि धातू दोन्ही माहीत नव्हतं अशा शेतकऱ्यांनी हे उभं केलंय. आईंना हे आवर्जून दाखवा. चालणं कमी आहे, वाट सपाट आहे, सुरुवातीलाच छोटं संग्रहालय आहे.

दुसरी जागा उत्तर किनाऱ्यावर, मार्सालफोर्नच्या पुढे श्वेय्नीची मिठागरं. किनाऱ्याच्या सपाट खडकात शेकडो उथळ चौकोन कोरून काढलेत, रस्त्याच्या कडेने लांबवर, बुद्धिबळाच्या पटासारखे. काही कुटुंबं पिढ्यान् पिढ्या उन्हाळाभर तिथे मीठ पिकवतात: पाणी भरायचं, ऊन खाऊ द्यायचं, झाडूने मीठ एकत्र लोटायचं, बादल्यांनी उचलायचं, खडकातच कोरलेल्या खोल्यांमध्ये साठवायचं. ऑक्टोबरात हंगाम संपत आलेला असतो. पहिला पाऊस आला की काम बंद. पण मिठाच्या पुड्या रस्त्यालगत विकायला असतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या गटात उरणकडच्या एक आगरी आजी होत्या. त्यांचं माहेर मिठागराचं. त्या खाली उतरल्या, एका चौकोनाच्या कडेला उकिडव्या बसल्या, बोटाने मीठ चोळून जिभेवर ठेवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "इथं भरती कुठवर येते?" मी म्हटलं, भरती जवळजवळ नाहीच. भूमध्य समुद्रात इथे भरती-ओहोटीचा फरक वीतभर. आजी बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे पानी आपसूक येत नाय. आनायला लागतं." बरोबर होतं. आपल्याकडे उधाणाचं पाणी बांधातल्या उघडीतून, म्हणजे दारातून, आत घेता येतं, इथे ते माणसाला उचलून टाकावं लागतं. आमचं आगर चिखलाचं, तुडवून तुडवून केलेलं, आणि हे कातळातलं, असं त्या परत परत सांगत होत्या. तिथे मीठ लोटणाऱ्या बाईंना आणि आजींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी दोघी झाडू कसा धरायचा ते एकमेकींना दाखवत होत्या. मी तेव्हा गाडीत बसायची घाई केली नाही, एवढं मला समाधान आहे.

तिसरी जागा द्वेय्रा, पश्चिम किनारा. तुम्ही इंटरनेटवर समुद्रात उभ्या असलेल्या अजस्र दगडी खिडकीचा फोटो पाहिला असेल. ती खिडकी 8 मार्च 2017 रोजी वादळात कोसळली. जुने फोटो अजून फिरतात आणि लोक तिथे जाऊन हिरमुसतात. पण द्वेय्रा टाळू नका. तिथे कड्यांनी वेढलेलं खाऱ्या पाण्याचं तळं आहे, आणि डोंगरातून आरपार गेलेल्या नैसर्गिक बोगद्यातून लहान बोटी तुम्हाला त्या तळ्यातून खुल्या समुद्रात नेतात. आत अंधार, इंजिनाचा घुमणारा आवाज, आणि मग एकदम उजेड आणि गडद निळं पाणी. लाटा असतील तर बोटी बंद असतात, तेव्हा मागे लागू नका. समोर जो एकटा खडक दिसतो, त्यावर उगवणारी तांबडी वनस्पती रक्तस्राव थांबवते असा त्या काळी माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या ख्रिस्ती सरदारांचा विश्वास होता. तिच्यासाठी त्यांनी त्या खडकावर पहारा बसवला होता.

उरलेल्या वेळात राम्लाच्या तांबूस वाळूवर बसा, आणि एक संध्याकाळ व्हिक्टोरिया गावातल्या किल्ल्याला, चितादेल्लाला द्या. तटावरून सगळं बेट दिसतं. गावोगावचे चर्चचे घुमट मोजायला लहान-मोठ्या सगळ्यांना आवडतं.

कोमिनोचा निळा लगून हवाच का, असा प्रश्न मुलगी विचारेल. पाणी खरंच तसं आहे, फोटोत रंग घातलेला नाही. गर्दीही खरी आहे. ती आवरायला 2025 पासून आधी ऑनलाइन नोंदणी करून वेळ घ्यावी लागते. तुम्ही गोझोतच असाल, तर इमजारहून सकाळच्या पहिल्या बोटीने मुलीला आणि पत्नीला पाठवा. तुम्ही आणि आई त्या सकाळी घरीच थांबा. तिथे सावली जवळजवळ नाही, बसायला खडक, आणि म्हाताऱ्या माणसाला दोन तासांत नको होतं.

आता व्हॅलेटा. हे शहर आधी कागदावर आखून मग बांधलेलं आहे. 1530 साली सेंट जॉनचे सरदार इथे आले, 1565च्या उन्हाळ्यात उस्मानी आरमाराचा वेढा त्यांनी परतवला, आणि पुढच्याच वर्षी त्यांचा प्रमुख ला व्हॅलेट याने ओसाड टेकडीवर नव्या राजधानीचा पाया घातला. सगळे रस्ते सरळ काटकोनात, आणि प्रत्येक रस्त्याच्या टोकाला समुद्र. घरांना रंगीत लाकडी बंद सज्जे. शहर जेमतेम किलोमीटरभर लांब आहे, पण चढ-उतार आणि पायऱ्या खूप. दगड झिजून गुळगुळीत झालेत, पावसाची सर आली की घसरतात. चौघांनीही रबरी तळव्याचे बूट आणा.

सेंट जॉन कॅथेड्रलला अर्धा दिवस ठेवा. रविवारी ते पर्यटकांसाठी बंद असतं, आणि टोकदार टाचांच्या चपलांना आत प्रवेश नाही. कारण जमीनच थडग्यांची आहे: चारशेच्या आसपास रंगीत संगमरवरी शिळा, प्रत्येक एका सरदाराची, सांगाडे, मुकुट, देवदूत असं सगळं जडावकाम. बाहेरून ही इमारत अगदी साधी, किल्ल्यासारखी. आत पाऊल टाकल्यावर सोनं अंगावर येतं.

पण मी लोकांना घेऊन सरळ बाजूच्या दालनात जातो. तिथे काराव्हाज्जोचं 1608चं चित्र आहे, संत जॉनचा शिरच्छेद. रोममध्ये हातून खून झाल्यावर हा चित्रकार पळाला, 1607 साली माल्टात आला, सरदार झाला, आणि काही महिन्यांत भांडणापायी तुरुंगात जाऊन तिथूनही निसटला. चित्र पाच मीटरहून रुंद आहे. चित्राचा निम्म्याहून जास्त भाग नुसता अंधार आणि रिकामी भिंत. मुख्य माणसं डाव्या बाजूला एकवटलीत. मारेकऱ्याने तलवारीचा वार केलाय, पण काम पुरं झालेलं नाही, म्हणून तो पाठीमागे खोचलेला सुरा काढतोय. ताट घेतलेली मुलगी वाट बघत वाकलीय. एकच म्हातारी डोकं धरून उभी आहे. बाकी सगळे आपापलं काम करताहेत. आता खाली बघा, सांडलेल्या रक्तात चित्रकाराने आपलं नाव लिहिलंय. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र. ज्या दालनासाठी काढलं, त्याच दालनात ते आजही आहे. बाक आहेत, आईंना बसवा आणि निदान वीस मिनिटं तिथे थांबा. कानाला लावलेला ऑडिओ गाइड पुढे चला म्हणेल, तो बंद करा.

दुपारी बाराच्या आत वरच्या बाराक्का बागेत या. खालच्या तोफखान्यातून रोज बारा वाजता सलामीची तोफ उडते. बागेच्या कमानींतून संपूर्ण मोठं बंदर दिसतं. मराठी माणसाने इथे एक आठवण ठेवावी: 1878 साली रशियाला धाक घालण्यासाठी ब्रिटिशांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक सुवेझ कालव्यातून या बंदरात आणून उतरवले होते, आणि त्यांत मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या. आपले लोक या तटबंदीखाली तंबू ठोकून राहिले होते हे कळल्यावर बंदराकडे बघायची नजर बदलते.

बागेतून पाण्यापर्यंत 58 मीटरची लिफ्ट आहे, म्हणून आईंना पायऱ्या उतरायच्या नाहीत. खाली फेरी मिळते पलीकडच्या तीन शहरांची. हवा शांत असेल तर फेरीऐवजी 'दायसा' घ्या, उंच टोकांची रंगीत होडी, दहा-पंधरा मिनिटांत त्या तीन शहरांपैकी बिर्गुला सोडते. सरदार आधी बिर्गुत राहायचे, व्हॅलेटा त्यानंतरची. बिर्गुच्या गल्ल्या अरुंद आणि वाकड्या, कुंड्यांनी भरलेल्या, आणि पर्यटक तुलनेने कमी. माझं मत विचाराल तर चार रात्रींचा मुक्काम व्हॅलेटात न करता बिर्गुतच करा. भाडं साधारण कमी पडतं, आणि रोज सकाळी कामावर जाणाऱ्या लोकांसोबत बोटीने बंदर ओलांडता येतं.

आता सगळ्यात तातडीची गोष्ट. हाल साफ्लिएनीचं भूमिगत दफनस्थान, पाओला गावात घरांच्या खाली. 1902 साली बांधकाम करताना मजुरांना सापडलं. जमिनीखाली तीन मजले, शिंग आणि दगडाच्या हत्यारांनी कोरलेले, मंदिराच्या दरवाजांसारखी दारं, छतावर गेरूची वर्तुळं. सुमारे सात हजार माणसांचे अवशेष इथे होते असा अंदाज आहे. श्वासातल्या वाफेने रंग खराब होतात म्हणून एका वेळी फक्त दहा जणांना सोडतात, आणि दिवसाला ऐंशीच्या आसपास. तिकिटं काही महिने आधी संपतात. विमानाचं तिकीट काढायच्या आधी हे बघा, असं मी खरोखर सांगतो. मिळालं नाही तर निराश होऊ नका: तिथे सापडलेली निजलेल्या स्त्रीची तळहाताएवढी मूर्ती व्हॅलेटाच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. कुशीवर, हाताची उशी करून ती पाच हजार वर्षं झोपलेली आहे. आईंसाठी: खाली उतरायला पायऱ्या आहेत, काही ठिकाणी वाकावं लागतं. गुडघे दुखत असतील तर त्यांचं तिकीट काढू नका.

सरकारी वारसास्थळांचा एकत्रित पास मिळतो, तो तुम्हाला स्वस्त पडेल. हे भूमिगत दफनस्थान आणि कॅथेड्रल मात्र त्यात येत नाहीत. त्याच पासवर दक्षिण कड्यावरची हाजार ईम आणि म्नाय्द्रा मंदिरं बघा, एकाच फेरीत. झीज थांबवायला दोन्हींवर पांढरे तंबू घातलेत. हाजार ईमकडून समुद्राकडे उतरत म्नाय्द्राला जायची वाट सुंदर आहे, परतीला तीच चढण लागते. जवळच निळी गुहा आहे. तिथे सकाळीच जा, कारण ऊन आत शिरतं ते सकाळी, आणि लाटा असतील तर बोटी सुटत नाहीत.

म्दिनाला दुपारी जाऊ नका. ही जुनी राजधानी, तटाच्या आत मोजकी वस्ती, बाहेरच्या गाड्यांना बंदी. दिवसा बसेस भरून माणसं येतात. सहानंतर ती गेली की पिवळ्या दिव्यांत तुमच्याच पावलांचा आवाज ऐकू येतो. नाव ऐकून मदिना आठवली असेल तर बरोबर आठवली, अरबीत शब्दाचा अर्थ शहर. माल्टी भाषा मुळात अरबी कुळातली, पण लिपी रोमन आणि निम्मे शब्द इटालियन वळणाचे. मराठी माणसाला त्यात ओळखीचे शब्द भेटतात: जगाला 'दिन्या', म्हणजे आपली दुनिया. पुस्तकाला 'क्तीब', म्हणजे किताब. वर्षाला 'सेना', म्हणजे आपल्या इसवी सनातला सन. मुलीला दुकानांच्या पाट्यांवरून असे शब्द शोधायला सांगा. बोलायची अडचण नाही, इंग्रजी तिथली राजभाषाच आहे.

रविवार मिळत असेल तर सकाळी मार्साश्लोक. मासळीचा बाजार भरतो, तुम्हाला वास नको असेल तर धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला बसा आणि 'लुत्सु' होड्या बघा: पिवळ्या, निळ्या, तांबड्या पट्ट्यांच्या, प्रत्येकीच्या नाळेवर दोन डोळे. मोस्ताच्या घुमटाला वाटेवर असाल तरच थांबा. 9 एप्रिल 1942 रोजी भरल्या चर्चमध्ये घुमट फोडून जर्मन बॉम्ब पडला आणि फुटलाच नाही. त्याची प्रतिकृती आत ठेवली आहे.

खाण्याचं सविस्तर सांगतो, कारण इथे चुका होतात. माल्टाचं राष्ट्रीय खाणं सशाचं मांस, पण गरिबाघरचं जेवण भाकरी-डाळीसारखंच आहे. 'होब्झ बिझ-झेयत' म्हणजे जाड सालीच्या आंबवलेल्या पावावर टोमॅटो चोळून, ऑलिव्हचं तेल, केपर, ऑलिव्ह. त्यात ट्यूना मासा घालायची पद्धत आहे, म्हणून मागतानाच ट्यूना आणि अँचोव्ही हे दोन्ही मासे नको म्हणा. 'फ्तीरा' हा चपटा गोल पाव, 2020 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलाय. त्यालाही हाच नियम. 'बिजिल्ला' निर्धास्त खा: सुक्या शेंगवर्गीय दाण्यांची लसूण आणि तेल घालून केलेली चटणी, पावाला लावून. 'कापुनाता' म्हणजे वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरचीची भाजी.

पास्तित्सी रस्त्यावर सगळीकडे दिसतील, खारीसारख्या पापुद्र्यांच्या. वाटाण्याची आणि रिकोटा चीजची अशा दोन. रिकोटाच्या सारणात बहुधा अंडं असतं, ती घेऊ नका. वाटाण्याचीही घेण्याआधी पीठ डुकराच्या चरबीत मळलंय का ते विचारा. सगळीकडे नसतं, पण परंपरेने वापरतात. विचारल्यावर कोणी वाईट मानत नाही. 'सोप्पा ताल-आर्मला', म्हणजे विधवेचं सूप, भाज्यांचं म्हणून सांगतील, पण त्यात अंडं सोडतात. गोझोचं 'ज्बेय्ना' चीज मेंढीच्या दुधाचं, पारंपरिक पद्धतीत ते जनावराच्या जठरातल्या विरजणाने, म्हणजे रेनेटने, घट्ट करतात. गोडात 'इमआरेत': खजूर, बडीशेपेचा वास, तळलेलं, आपल्या खजुराच्या करंजीची मावसबहीण. हिलाही चरबीचा प्रश्न विचारून घ्या.

घरून थालीपीठाची भाजणी, मेतकूट, बिनतुपाचे लाडू न्या. तूप, पेढे, बर्फी, पनीर नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि तपासणीत ते काढून घेतात. साजूक तुपाची बरणी विमानतळाच्या कचऱ्यात जाताना मी एका काकूंचे डोळे भरलेले पाहिलेत. भारतीय नोकरदार आता माल्टात बरेच असल्याने डाळ, तांदूळ, मसाले तिथे मिळतात. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, पण बेटावर नदी नाही, समुद्राचं पाणी गोडं करून वापरतात, त्यामुळे चव आवडत नाही. चहासाठी बाटलीचं घ्या.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला समुद्राचं पाणी तेवीस-चोवीस अंशांच्या आसपास, पोहायला छान. बरेच किनारे खडकाळ आहेत, पायात पाण्यातले बूट हवेत, आणि जेलीफिशची चौकशी करूनच उतरा. गाड्या डाव्या बाजूने चालतात, प्लग ब्रिटिश तीन चौकोनी पिनांचा. बसच्या एका तिकिटावर दोन तास बदलत बदलत फिरता येतं. गर्दीच्या वेळी बस भरलेली असली की थांब्यावर न थांबता पुढे जाते, तेव्हा आई सोबत असताना टॅक्सी बोलवा.

व्हिसा शेंगेनचा. जर्मनीत मुलीकडे जास्त रात्री राहणार असाल तर अर्ज जर्मनीकडे करा, माल्टात जास्त रात्री असतील तर माल्टाकडे. दोन्हीकडे सारख्या रात्री असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे. ही निवड चुकल्यामुळे अर्ज परत आलेली दोन कुटुंबं मला माहीत आहेत. मुलीला जर्मन निवास परवान्यावर वेगळा व्हिसा लागत नाही, फक्त परवाना आणि पासपोर्ट दोन्ही सोबत हवेत.

आईंच्या झेपण्याबद्दल शेवटचं. दिवसाला एकच मोठी जागा, ती सकाळी. दुपारी एक ते चार घरी, तिथली दुकानंही बरीच त्या वेळात बंदच असतात. संध्याकाळी पाण्याजवळ. बिर्गुत राहिलात तर धक्क्यावर बाकांची रांग आहे, समोर सेंट अँजेलो किल्ला. माझ्या गटांतल्या आज्या त्या बाकांवरून उठायला तयार नसतात. जेवण तयार झाल्यावर त्यांना तिथूनच घेऊन या.